फेरफाराच्या मागचा कागद

घर घ्यायचं ठरलं तेव्हा आम्हाला वकील हवा होता. मिळाला तो माणूस खरंच वकील आहे की नाही, हेच पहिला महिनाभर कळेना.

मी तेव्हा शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. राहायला आवारातलंच क्वार्टर. एका पावसाळ्यात त्या इमारतीचा जिना खचला आणि साहेबलोकांनी ती धोकादायक ठरवून दिवाळीपर्यंत खाली करायला सांगितलं. आमचे हे मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला. रोज शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मोटारसायकलवर जायचे आणि कंबर धरून परत यायचे. म्हणून घर मुरबाडच्या बाजूलाच बघायचं ठरलं. मुरबाडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक कौलारू घर मिळालंही. मागे चार गुंठ्यांचं परस, त्यात एक फणस, एक विहीर. जागा बिनशेती झालेली होती. मालक कसाऱ्याला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. उताऱ्यावर त्यांचं एकट्याचं नाव. कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचे कागद तपासून सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं होतं.

"मग आणखी वकील कशाला?" हे म्हणाले.

आमच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मुरबाडचाच. तो म्हणाला, "बँकेचा वकील बँकेचा असतो, सिस्टर. तुमचा एक करा. आमच्याकडं एक हाय. डोकं लय खातो. पण डोकं खानारा वकील बरा, घर खानारा नको."

त्याच्या सांगण्यावरून आम्ही गेलो. तहसील कचेरीच्या मागे एक भाताची गिरणी, तिच्या भिंतीला टेकून एक खोली. दाराला पाटी नाही. आत जिकडेतिकडे कोंड्याची बारीक धूळ. टेबलावर, कपाटात, खिडकीच्या फळीवर कागदांची गाठोडी, आणि प्रत्येक गाठोडं जुन्या साडीच्या काठाने बांधलेलं. साठीच्या पुढचा एक सडपातळ माणूस पाठमोरा उभा राहून त्यातली एक गाठ सोडत होता.

"बसा," ते म्हणाले. "लाल काठाचं काम असेल तर आज नाय होणार."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुढे कळलं, की पक्षकारांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, बायकोच्या साड्या मात्र एकूण एक ध्यानात होत्या. कुठली केस कुठल्या साडीच्या काठात बांधली, त्यावरून ते माणसं ओळखत. आम्हाला मोहरीच्या रंगाचा काठ आला. ती साडी कुठल्या दिवाळीला घेतली आणि बायकोला ती का आवडली नाही, हे आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. घराबद्दल त्यांनी अवाक्षर विचारलं नव्हतं.

मग मी आणलेला खरेदीखताचा मसुदा त्यांनी हातात घेतला, त्यावर फुंकर मारली, धूळ उडाली, आणि तो परत माझ्याच हातात दिला.

"वाचा. मोठ्यानं."

"मी? तुम्ही वाचा ना साहेब."

"घर कोण घेतंय?"

मी वाचू लागले. गिरणी चालू होती, त्यामुळे ओरडावं लागत होतं. बाहेर कचेरीच्या आवारात झाडाखाली बसलेली माणसं माना वळवून बघू लागली. ह्यांनी उठून खिडकी लावली. वकीलसाहेबांनी जाऊन ती उघडली. चतुःसीमेपाशी मला थांबवलं.

"पूर्वेस काय लिहिलंय?"

"रस्ता."

"कोणाचा?"

"रस्ता... म्हणजे रस्ताच."

"आणि भाऊबीजेला त्या घरात कोण येतं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ह्यांचा आधीच पारा चढला होता. ते म्हणाले, "साहेब, आम्ही बौद्ध आहोत. आमच्याकडे भाऊबीज वगैरे काही नसते."

"तुम्हाला कुठं विचारलं? त्या घराचं विचारलं," असं म्हणून त्यांनी आमचे कागद मोहरी काठात बांधले आणि दुसरं गाठोडं सोडायला घेतलं. आम्ही उठायचं असा त्याचा अर्थ, हे आम्हाला बऱ्याच उशिरा समजलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कागद खोटं बोलत नाय, सिस्टर. विचारलं तेवढंच सांगतो." हे ते इतक्या वेळा म्हणत, की ऐकणाऱ्याला पहिल्यांदा शहाणपणाचं वाटे, दहाव्यांदा टाळाटाळीचं. कारण स्वतः ते सरळ उत्तर कधी देत नसत. एका सोमवारी मी फोन केला तर म्हणाले, "घर चांगलं आहे. घ्या." मी आनंदाने ह्यांना सांगितलं. गुरुवारी तारीख विचारायला फोन केला तर म्हणाले, "कोणी सांगितलं घ्या म्हणून?"

"तुम्हीच, साहेब. सोमवारी."

"सोमवारी तुम्ही काय विचारलं होतंत? घर कसं आहे. घर चांगलंच आहे. घ्यायचं का, हे तुम्ही आज विचारताय."

मी फोन ठेवला आणि वॉर्डात कोणाला कुठलं इंजेक्शन द्यायचं होतं ते दोनदा तपासून पाहिलं. त्यांच्याशी बोललं की माझा स्वतःवरचाच भरवसा उडायचा.

एकदा मी बसलेले असताना कल्याणहून एक तरुण जोडपं आलं. सुट्टीला येऊन राहण्यासाठी त्यांनी डोंगराच्या बाजूला एक प्लॉट पाहिला होता. नकाशा रंगीत, कागद चकचकीत. साहेबांनी नकाशावर फुंकर मारली, जरी त्यावर धूळ नव्हती, आणि म्हणाले, "तिथं जाऊन बसा. बारापासून संध्याकाळपर्यंत. खायला न्या. मग या."

"कशासाठी बसायचं?"

"ते मला तरी काय माहीत?"

दोघं हसत निघून गेले. पुढच्या आठवड्यात माझ्यासमोरच परत आले ते लालबुंद होऊन. तीनच्या सुमारास त्यांच्या प्लॉटच्या मधोमध एक प्रेतयात्रा गेली होती. गावची स्मशानाची वाट तीच, पिढ्यान्‌पिढ्या. नकाशात रेघसुद्धा नव्हती. गंमत म्हणजे त्यांचा सगळा राग विकणाऱ्यावर न निघता वकिलावर निघाला. "तुम्हाला माहीत होतं तर आधी सांगायचं!" तो मुलगा ओरडत होता. साहेब खरोखर गोंधळून म्हणाले, "मला नव्हतं हो माहीत. म्हणून तर बसायला सांगितलं."

ते खरं बोलत होते की खोटं, मला कळलं नाही. ही अडचण पुढे माझ्याही कामात आली.

तर भाऊबीज. तो प्रश्न डोक्यातून जाईना. एका रविवारी आम्ही परसाची मापं बघायला त्या घरी गेलो होतो. मालक ह्यांना विहीर दाखवत होते आणि मी मालकीणबाईंबरोबर चुलीपाशी बसले होते. सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊबीजेला कोण येतं हो तुमच्याकडे?"

त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "पयली येवाची. आता नाय येत."

"कोण?"

तेवढ्यात मालक दारात आले. त्यांनी बायकोकडे नुसतं बघितलं आणि बाईंनी कप माझ्यापुढे केला. मालक मला म्हणाले, "सिस्टर, चहा घ्या. निवल."

मी हे जाऊन सांगितलं तेव्हा वकीलसाहेबांनी मोहरी काठाची गाठ सोडली. मग म्हणाले, "मालकांचे वडील गेले तेव्हा वारसाचा फेरफार झाला असेल. तो काढून आणा." सरकारदप्तरी मालकाचं नाव बदलल्याची जी नोंद होते ती फेरफार, एवढं मला तोवर समजू लागलं होतं. मी तलाठ्याकडून त्याची नक्कल आणली. त्यांनी बघितलीच नाही. "हा नको. फेरफाराच्या मागचा कागद. वारस कोण कोण आहेत ते ज्यावर लिहून दिलं, ते प्रतिज्ञापत्र."

ते तेहेतीस वर्षांपूर्वीचं. बँकेच्या वकिलाने तीसच वर्षं मागे जाऊन पाहिलं होतं. त्या एका कागदासाठी मी कचेरीच्या दप्तरखान्यात तीनदा खेपा घातल्या, रजा टाकून. हे म्हणाले, "तो तुला फिरवतोय. घर आपण घेऊ नये असंच त्याला वाटतंय. कोणाकडून तरी खाल्लं असेल." मलाही तसंच वाटू लागलं होतं.

चौथ्या खेपेला कागद मिळाला. मी तो वाटेत वाचलाही नाही. बसची घाई होती. त्यांच्या खोलीत गेले, त्यांनी फुंकर मारून परत माझ्या हातात दिला, आणि मी सवयीने उभी राहून मोठ्याने वाचू लागले.

"...माझे वडील मयत झाले असून आई त्यांच्या आधीच मयत आहे, व त्यांच्या मागे मी एकटाच वारस आहे. याशिवाय अन्य कोणीही वारस नाही. वरील मजकूर खरा आहे." खाली मालकांची सही. त्याखाली आणखी एक ओळ. "प्रतिज्ञा करणाऱ्यास मी ओळखतो." आणि त्याखाली वकिलाचं नाव.

ते नाव मी वाचलं आणि थांबले. समोर उभ्या असलेल्या माणसाचंच ते नाव होतं.

"पुढं वाचा," ते म्हणाले.

"पुढं काही नाही, साहेब."

गिरणीचा पट्टा फिरत होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होते. एरवी ते उभेच असत. ते म्हणाले, "नवीन होतो. दिवसाला अशी दहा प्रतिज्ञापत्रं करायचो. बहीण आहे हे त्यानं सांगितलं नाय, मी विचारलं नाय." मग एकदम उठले. "माझ्याकडचं काम काढून घ्या, सिस्टर. या कामात मी आता वकील नाय. मी यातला साक्षीदार आहे."

मोहरी काठ सोडून त्यांनी सगळे कागद माझ्या हातात दिले. मी बाहेर आवारात उभी राहिले. दिवाळीला दीड महिना होता आणि मला वकील नव्हता.

हे खुश झाले. त्यांच्या कारखान्यातल्या एकाने दुसऱ्या वकिलाचा पत्ता दिला, चकाचक ऑफिस, पंखा, कॉम्प्युटर. तो तरुण वकील म्हणाला, "टेन्शनच नाही, मॅडम. पेपरात एक जाहीर नोटीस देऊ. चौदा दिवसांत कोणाची हरकत आली नाही की आपण मोकळे. महिन्याभरात तुम्ही राहायला जाल."

"पण बहीण आहे ना?"

"तुम्हाला माहीत आहे का?"

"म्हणजे?"

"कागदोपत्री माहीत आहे का? नाही ना? मग झालं."

हे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. तो बोलला त्यातला शब्दन्‌शब्द मला समजला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एखाद्या वकिलाचं बोलणं मला समजलं होतं, आणि तरीही मला सही करवेना. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जुन्या वकीलसाहेबांचा फोन. "मुरबाडच्या स्टँडवर या. वैशाखऱ्याला जायचंय."

"तुम्ही तर काम सोडलंय, साहेब."

"काम कुठं करतोय? गाडीत बसतोय."

माळशेजच्या रस्त्याने जाणाऱ्या बसमध्ये आम्ही निघालो. बहीण वैशाखऱ्याला दिलेली आहे हे त्यांनी कुठून काढलं, मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. भात पिवळं झालं होतं, काही ठिकाणी कापणीही लागली होती.

मालकांची बहीण खळ्यावर होती. पासष्टीची बाई, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, हातात भाताची पेंढी. साहेब पायातल्या चपला काढून खळ्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, मला ओळखलंत?"

"नाय."

"मी वकील. तुमचे वडील वारले तेव्हा..." आणि पुढे त्यांना बोलताच येईना. मुरबाडच्या कचेरीत भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, तोंड उघडून नुसता उभा. शेवटी मीच सांगितलं. घर विकायला काढलंय, मी घेणार आहे, आणि वडिलांमागचे वारस लिहिताना तुमचं नाव राहिलं.

त्या बाईने पेंढी खाली ठेवली. "राह्यलं का नाय लिवलं?"

"नाही लिहिलं," साहेब म्हणाले. "मी विचारलं नाय त्याला."

"मंग आता कनाला आलाव?"

"तुमची सही लागेल, मावशी," मी म्हटलं. "तुमचा जो हिस्सा होईल तो तुम्हाला मिळेल. सोडायचा असेल तर सोडता येईल. जशी तुमची मर्जी."

ती हसली. राग नव्हता त्या हसण्यात, पण मला ते अजून आठवतं. "त्या कागदात मी हाय का?"

"नाही."

"जी नायच, तिची सही कशी घेताल? आधी मला लिवा. माझं नाव उताऱ्यावर चढवा. मंग इकीन, सोडीन, काय करायाचा तां करीन. नाव नसताना मी काय सोडू गो?"

मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं ते समजावतील, की ताई, त्याला महिने लागतील, इथेच एका कागदावर संमती द्या. तसं करता आलं असतं. हे मला नंतर त्या तरुण वकिलानेच सांगितलं. पण ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे." आणि चपला घालून चालायला लागले.

परतताना बसमध्ये मी जवळजवळ भांडले. "मला दिवाळीला घर खाली करायचंय, साहेब. मी कुठे जाऊ?"

"ते मला नाय माहीत," ते म्हणाले. "तुम्ही तो दुसरा वकील करा. तो लवकर करून देईल."

"मग मला नेलंत कशाला?"

यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता तरी काही सरळ ऐकायला मिळेल. ते म्हणाले, "एकट्याला जायला भीती वाटत होती."

दिवाळीआधी आम्ही किन्हवलीला माझ्या भावाच्या घरी सामान हलवलं. तो शेती करतो, थोडा भाजीपाला लावतो. पडवीच्या दोन खोल्या त्याने आम्हाला मोकळ्या करून दिल्या. हे महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. बँकेने मंजुरीची मुदत संपल्याचं पत्र पाठवलं; सगळं पुन्हा करावं लागणार होतं. त्या तरुण वकिलाला मी नाही म्हणून कळवलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही इमोशनल होताय." असेनही. एका बाईने खळ्यावर उभं राहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय त्या घरात चूल पेटवणं मला जमलं नसतं, इतकंच.

मालकांकडे साहेब स्वतः गेले होते. मी तिथे नव्हते. काय बोलणं झालं ते मालकांनी नंतर सांगितलं. "आले, वट्यावर बसले, आन् बोलले, चूक दोघांची हाय, मी माझी लिवून देतो, तुमी तुमची द्या. मी काय बोलणार? बाप गेला तवा तलाठी बोललावता, बहिनीचं नाव लावशील त हर कामाला सहीला वैशाखऱ्याला पळावं लागंल. माझी ड्यूटी कसाऱ्याला. म्हटलं ऱ्हाऊ दे. मनात पाप नव्हता हो, सिस्टर. मंग तिला कळला, आन् ती येवाची बंद झाली. मला पण मंग तोंड दाखवाला जमला नाय."

मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली तेव्हा मी गेले होते. खोली माणसांनी भरलेली. साहेबांनी काळा कोट घातला होता, कॉलरवर गिरणीचा कोंडा. मालकांनी बहीण असल्याचं कबूल केलं. मग साहेबांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र काढलं, त्यावर फुंकर मारली आणि उभ्याने, खणखणीत आवाजात वाचलं. मी अमुक, व्यवसाय वकिली, मी त्या वेळी खातरजमा न करता ओळख दिली, वारसांबाबत एकही प्रश्न विचारला नाही, ही माझी चूक आहे. अधिकारी म्हणाले, "वकीलसाहेब, याची गरज नव्हती. मालकाची कबुली पुरेशी आहे." मागे कोणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "वाचून होऊ द्या," आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

त्याची किंमत त्यांना पडली. मुरबाडच्या बाजारात आठवडाभर तीच चर्चा होती. ज्यांची ज्यांची कामं त्यांनी तरुणपणी केली होती ती माणसं आपापले कागद घेऊन येऊ लागली, आमच्यात काय राहिलंय म्हणून. काही शिव्या द्यायलाही आली. नवीन पक्षकार कमी झाले. ड्रायव्हर मला म्हणाला, "सिस्टर, मी तुमाला वकील दाखवला, तुमी त्याचाच धंदा बसवलात." तो गमतीने म्हणाला, पण मला रात्रभर टोचत राहिलं.

सात महिने गेले. उन्हाळ्यात एक दिवस उताऱ्यावर बहिणीचं नाव चढलं. त्यानंतर पंधरा दिवसांत खरेदी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोघं भाऊ-बहीण एका बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बहिणीने नवा उतारा मागून घेतला होता. चौथीपर्यंत शिकलेली, बोट फिरवत तिने स्वतःचं नाव वाचलं.

"किती दिस राहील हां?" तिने साहेबांना विचारलं.

"आज खरेदी झाली की निघेल, ताई. तुम्ही विकताय ना."

"मंग आज हाय."

"आज आहे."

तिने मान डोलावली आणि बोलावणं आल्यावर जाऊन सही केली. अक्षर मोठं, सावकाश. परत येऊन ती भावाच्या शेजारच्या त्या रिकाम्या जागेत बसली. थोड्या वेळाने भावाने पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली. मग ती माझ्याकडे वळली.

"आन् तुझं नाव हाय का गो, बापाच्या उताऱ्यावर?"

मी काहीतरी पुटपुटले. मला माहीतच नव्हतं. माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. पुढचे सगळे दिवस माझ्या डोक्यात तेवढंच. भावाला विचारायचं धाडस होईना. सात महिने त्याच्या घरात राहिले, त्याच्या बायकोच्या हातचं खाल्लं, आणि आता निघताना विचारू, माझं नाव कुठाय? ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्या वकिलाने तुझं डोकं फिरवलंय." खरंही असेल. घर नावावर झालं होतं, तरी मी कागदाकडे बघताना आता आधी काय नाही ते शोधत होते.

त्याच सुमारास मी साहेबांना थेट विचारलं होतं. "पहिल्या दिवशी भाऊबीजेचं विचारलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

"नाय," ते म्हणाले. "मी सगळ्यांनाच विचारतो."

आठ दिवसांनी नोंदणीचे कागद घ्यायला गेले तेव्हा मी काही न विचारताच ते म्हणाले, "मसुद्यात गावाचं नाव ऐकलं तेव्हाच तो जुना कागद आठवला होता." दोन्हींतलं कुठलं धरायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

शेवटी भावाच्या नकळत मी शहापूरला जाऊन वडिलांच्या जमिनीचा उतारा काढला. कागद हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पहिलं नाव आईचं. दुसरं भावाचं. तिसरं माझं. नावात एक वेलांटी चुकलेली, पण माझंच. फेरफाराची तारीख बघितली तर वडील गेल्यावर दोन महिन्यांतली. भावाने ते तेव्हाच लावलं होतं आणि मला कधी सांगितलंही नव्हतं.

घरी गेले. तो मागच्या दारी पंपाचा पाइप जोडत बसला होता. मी म्हटलं, "माझं नाव लावलंस तू उताऱ्यावर?"

"कधीचं बोलतेस?"

"बाबा गेले तेव्हाचं."

"मग?" तो पाइपावरून नजर न काढता म्हणाला. "तू नायस का आमच्यात? जरा तो पाना दे."

मी पाना दिला.

हा उतारा घेऊन मी साहेबांकडे गेले. खरं तर काही काम नव्हतं. वेलांटीची दुरुस्ती करायची, एवढं निमित्त. त्यांनी कागद घेतला, उजेडाला धरला, मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची.

"तुम्ही अर्ज केला होता?"

"नाही."

"भांडण झालं होतं?"

"नाही हो."

"वकील कोण होता?"

"वकील नव्हता, साहेब. भावाने तलाठ्याकडे जाऊन नावं सांगितली. आईचं, स्वतःचं, माझं."

"आणि तुम्हाला सांगितलं नाय?"

"त्याला सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल."

ते पुन्हा त्या कागदात डोकं घालून बसले. काहीतरी चुकलेलं सापडेल म्हणून ते एकेक रकाना बोटाने तपासत होते, आणि ते बोट वेलांटीपाशी येऊन थांबत होतं. बाकी कुठे थांबायला जागाच नव्हती. चेहऱ्यावर असा गोंधळ, की मला त्यांची दया आली.

"हे ठेवू का माझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"असू दे," ते म्हणाले.

मी दुरुस्तीसाठी दुसरी प्रत काढली.